वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्याची पहिली टाकी केवढी घ्यावी?

प्रश्न : आम्ही रंकाळ्याजवळ एका अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगा आठवीत आहे. चार वर्षं त्यानं गोल्डफिश नीट सांभाळलेत, पाणी बदलण्यापासून सगळं स्वतः करतो. दिवाळीत मालवणला जाऊन आल्यापासून त्याला समुद्रातले मासे पाळायचे आहेत. दुकानदार म्हणतात, नवीन आहात तर दीड फुटाची छोटी टाकी घ्या, जमलं तर पुढं मोठी बघू. माझे धाकटे दीर म्हणतात, नाद करायचा तर सहा फुटी करा, दोनदा खर्च कशाला. ह्यांना काळजी स्लॅबची. नेमकी केवढी टाकी घ्यावी?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : ताई, आकडा आधी सांगतो, कारणं मागून. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९१ लिटर. वर दोन बोटं मोकळी सोडून आत दगड-वाळू गेली की खरं पाणी उरतं साधारण १५० लिटर. दुकानदारांची दीड बाय एक बाय एक ची टाकी कागदावर ४२ लिटरची, पण त्याच हिशेबानं तिच्यात पाणी राहतं जेमतेम ३२ लिटर.

दुकानदार काही फसवत नाहीत. लहान पोराला आधी लहान सायकल द्यावी, तसा त्यांचा सरळ हिशेब आहे. पण खाऱ्या पाण्यात तो उलटा पडतो. आपल्याकडं सकाळी धुकं, दुपारी ऊन आणि संध्याकाळी वळीव, आपण तिन्ही झेलतो. प्रवाळाच्या खडकात राहणाऱ्या माशाला असल्या बदलांची सवयच नसते. त्याच्या पाण्यात किलोमागं ३५ ग्रॅम क्षार, पीएच ८.२ च्या आसपास, आणि वर्षभर यात फारसा फरक नाही. आपण घरी काच लावून तेवढा समुद्र कापून आणतो, आणि जितका लहान तुकडा कापाल तितका तो लवकर बिघडतो.

माझीच गोष्ट सांगतो. २००४ साली मीही दीड फुटीच घेतली होती. दोन क्लाउनफिश, एक शंखातला खेकडा, आणि मी स्वतःला समुद्राचा राजा समजत होतो. एप्रिलात जोतिबाची चैत्र यात्रा आली. सासुरवाडीच्या गावची सासनकाठी असते, त्यामुळं जाणं भाग. तीन दिवसांसाठी खाद्याची डबी शेजारच्या पोराकडं देऊन गेलो. परत आलो तर जिन्यातच वास. पाणी ताकासारखं पांढरं, फिल्टरच्या तोंडाशी खाद्याचा लगदा भिजलेल्या पोह्यांसारखा चिकटलेला, आणि काचेवर पूर्वीच्या पातळीला मिठाची पांढरी रेघ. पाणी तिच्या खाली दोन सेंटिमीटर उतरलेलं. खारटपणा मोजायचा काटा (हायड्रोमीटर) बुडवून बघितला, १.०२५ चा १.०२७ वर गेलेला. एक मासा दगडामागं मेलेला, दुसरा वाळूवर आडवा पडून कल्ले हलवत होता. रात्री अकरापर्यंत टिकला.

पोराला विचारलं तर म्हणाला, "काका, मी गेलो की काचेपाशी यायचे, लई भूक लागल्यागत करायचे." त्याला काय बोलणार? मासे तसंच करतात. पोट भरलेलं असलं तरी करतात.

तेव्हा दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या, आणि टाकीचा आकार दोन्हींत वेगवेगळं काम करतो. हे नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट अमोनियाची. उरलेलं खाद्य, विष्ठा, मेलेला मासा, सगळ्यातून अमोनिया सुटतो. तुमच्या गोल्डफिशच्या टाकीतही सुटतो, पण गोड्या पाण्याचा पीएच सातच्या आसपास असला तर त्यातला बराचसा कमी विषारी रूपात राहतो. ८.२ पीएचला विषारी रूपाचा वाटा कितीतरी वाढतो. म्हणजे जी चूक गोल्डफिशनं चार वर्षं पोटात घातली, ती इथं महागात पडते. अशा वेळी वाचवतं ते नुसतं पाणी. तीच चिमूटभर चूक ३२ लिटरमध्ये पडली काय आणि १५० लिटरमध्ये पडली काय, विषाची तीव्रता जवळजवळ पाचपटीनं कमी-जास्त होते. त्यात तुम्हाला एक दिवस मिळतो. चूक दिसायला, बादली उचलायला, पाणी बदलायला.

दुसरी गोष्ट पाणी उडण्याची. इथं मोठ्या टाकीचे भक्त जरा फुगवून सांगतात. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागं राहतं, म्हणून टाकी रोज थोडी थोडी खारट होत जाते, हे खरं. पण पाणी उडतं वरच्या पृष्ठभागावरून, आणि मोठ्या टाकीचा पृष्ठभागही मोठा असतो. मी माझ्या टाकीला चिकटपट्टी लावून मे महिन्यात आठ दिवस मोजलंय. वर पंखा चालू असताना रोज सात मिलिमीटर पातळी उतरते, टाकी केवढीही असो. म्हणजे इथं लांबी कामाला येत नाही, कामाला येते ती खोली. दीड फुटीत पाण्याची उंची २७ सेंटिमीटर, तीन दिवस वरचं पाणी घातलं नाही तर ३५ चा खारटपणा ३८ होतो. तीन फुटीत उंची ४२ सेंटिमीटर, तिथं तो ३७ च्या आतच राहतो. फरक आहे, पण पाचपट नाही. सांगायचा मुद्दा, मोठी टाकी घेतली म्हणून रोजचं पाणी घालणं चुकत नाही. आणि घालायचं ते गोडं, आरओचं. मीठ कुठं गेलेलंच नसतं, मग परत मिठाचं पाणी कशाला? हे एवढं साधं असूनही नवीन माणूस हमखास चुकतो. मीही चुकलोय.

मग उंची दोन फूट का नको, असं मुलगा विचारेल. त्याला म्हणावं बाही वर करून दोन फूट खोल बादलीच्या तळातलं नाणं उचलून दाखव. दीड फुटात काम कोपराच्या थोडं वर भिजून होतं, दोन फुटात बगल बुडते. खडक सरकवणं, काच घासणं, मेलेली गोगलगाय शोधणं, हे सगळं हातानंच करायचं असतं. रुंदी मात्र एका फुटावर भागवू नका. खडक आणि काच यांच्यामध्ये दोन्हीकडून हात जाईल एवढी फट लागते, नाहीतर काच घासता येत नाही आणि मागं घाण साठते. आमच्या मंडळींनी एकदा शोभा म्हणून उंच सहाकोनी टाकी पसंत केली होती. दिसायला झकास. पण पाण्याला हवा मिळते ती वरच्या पृष्ठभागातून, आणि समुद्राच्या पाण्यात गोड्यापेक्षा प्राणवायू मुळातच पाचव्या हिश्शानं कमी मावतो. उंच आणि अरुंद टाकी म्हणजे गर्दीच्या खोलीला एकच खिडकी. ती सहाकोनी आता आमच्या गॅलरीत मनीप्लँटसाठी आहे.

दीरांना माझा नमस्कार सांगा. "दोनदा खर्च नको" हे त्यांचं शंभर टक्के खरं, पण सहा फुटीचा खर्च टाकी आणली त्या दिवशी संपत नाही, सुरू होतो. सहा बाय दोन बाय दोन म्हणजे ६८० लिटर. पहिल्यांदा भरायलाच वीस किलोच्या वर मरीन सॉल्ट. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हटलं तर चार बादल्या कालवायच्या आणि चार उपसायच्या. मे महिन्यात रोज आठ लिटर आरओचं पाणी नुसतं हवेत जाणार. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर बाहेर टाकतो, त्याचा हिशेब तुम्हीच करा. आणि हे सगळं दीर करणार आहेत का? तीन फुटीला आठवड्याला एक बादली, रोजचं तीन लिटर, आणि सुरुवातीला साडेपाच किलो मीठ. आठवीतला मुलगा एवढं रविवारी सकाळी नाश्त्याच्या आधी उरकू शकतो. टाकी कमीत कमी केवढी हवी हे पाण्याचं रसायन ठरवतं आणि जास्तीत जास्त केवढी झेपेल हे घरातल्या माणसाची कंबर ठरवते, असं मी म्हणतो. चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे २५५ लिटर, हीसुद्धा उत्तम. जागा असेल आणि साहेब तयार असतील तर मी नाही म्हणणार नाही.

आता साहेबांचा स्लॅब. तीन फुटीचं पाणी, काच, खडक, वाळू, स्टँड असं सगळं धरून पावणेतीनशे ते तीनशे किलो होतं. तालमीतले तीन पैलवान खांद्याला खांदा लावून उभे राहिल्यासारखं. घरांचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो धरून डिझाइन करतात, पण तो भार संपूर्ण खोलीवर पसरलेला धरलेला असतो आणि तुमची बाकीची खोली काही भरलेली नसते. म्हणून आरसीसी बांधकामात ही टाकी भिंतीला लागून, खाली बीम जातो त्या रेषेवर ठेवली की सहसा प्रश्न येत नाही. सोसायटीकडं इमारतीचा नकाशा असला तर बीम बघून घ्या, शंका वाटली तर इंजिनिअरला दाखवा. खोलीच्या मधोमध ठेवू नका. सहा फुटी मात्र टनाजवळ जाते, तिथं विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. आणि हे वाचणाऱ्या पेठांमधल्या मंडळींना वेगळं सांगतो : जुन्या घराच्या माडीवर, लाकडी तुळयांवर, तीन फुटीसुद्धा नको. तळमजल्यावर ठेवा.

स्टँड तयार घेऊ नका. माझं उद्यमनगरात टर्निंगचं छोटं शॉप आहे म्हणून सांगत नाही (मी स्टँड बनवत नाही), पण तिथं कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं दीड इंची चौकोनी पाइपचा स्टँड आपल्या मापात करून मिळतो. वेल्डिंगनंतर घासून रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर इपॉक्सी पेंट हे त्याला बजावून सांगा. खारं पाणी साधा ऑइलपेंट दोन पावसाळ्यांत सोलतं. स्टँड जागेवर ठेवला की पाणसळ लावून बघायचा, चारही पाय टेकलेत का बघायचं. पायांखाली मरीन प्लायचा एक तुकडा म्हणजे भारही पसरतो, फरशीही वाचते. वर थर्मोकोल, मग टाकी. काच १० मिलिमीटरची. टाकी आली की आधी गॅलरीत गोडं पाणी भरून दोन दिवस ठेवा आणि जोडांवर कोरडं वर्तमानपत्र फिरवा. भिजलं तर परत.

जागा ठरवताना पश्चिमेची भिंत टाळा. खाऱ्या पाण्याला २४ ते २७ अंश हवं असतं, आणि आपल्या एप्रिल-मेमध्ये दुपारी घरातली हवाच त्याच्या वर असते. पंखा पाण्यावर तिरका लावला तर दोन-तीन अंश उतरतात. त्याची किंमत म्हणजे ते सात मिलिमीटर. त्यानं भागलं नाही तर चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र. तो पहिल्या दिवशी घ्यायला नको, पण स्टँडशेजारी त्याच्यापुरती हवेशीर जागा आत्ताच सोडा.

मीठ जेवणातलं चालत नाही, खडेमीठही नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं ठरलेल्या प्रमाणात असतं, ते मरीन सॉल्टमध्ये येतं. लिटरला ३६ ग्रॅमच्या आसपास. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा थेंब ठेवून डोळ्याला लावून बघायची नळी) घ्या, काट्याच्या हायड्रोमीटरवर भरवसा नको. स्वयंपाकघरातला आरओ चवीसाठी पाण्यात थोडे क्षार परत सोडत असेल तर तो क्षार सोडणारा भाग बायपास करून घ्या. टीडीएस मीटरवर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजतो तो) शून्याच्या जवळ दिसलं पाहिजे.

आता मुलाला सगळ्यात जड जाणारं वाक्य. टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे एकही मासा नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू खडकात वस्तीला यायला तेवढा वेळ लागतो. रोज दोन दाणे खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचं आणि टेस्ट किटनं मोजून वहीत आलेख काढायचा : अमोनिया चढतो, उतरतो, मग नायट्राइट चढतो, उतरतो. दोन्ही शून्य झाले की पहिला मासा. तुम्ही शिक्षिका आहात, हा प्रयोग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवता येईल. काही दुकानांत "जिवाणू तयार होईपर्यंत हे सोडा" म्हणून डॅमसेल मासे देतात. घेऊ नका. बिचारे विषात जगतात आणि त्यातून वाचले तर टाकीचे मालक होऊन पुढच्या प्रत्येक माशाला मारतात.

तीन फुटीत मिळून चार-पाच लहान मासे, तेही तीन-चार महिन्यांत एकेक करून. क्लाउनची जोडी घ्या, टाकीत पैदास झालेली मिळाली तर फारच चांगलं. क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं विकसित केलंय. दोन्ही लहान आणा. क्लाउन जन्मतः नर असतो, जोडीतला वरचढ होईल तो मादी होतो, मोठाही तोच होतो. मुलाला हे बघायला मजा येईल. सोबत एखादा गोबी, एखादा फायरफिश, पण फायरफिश उडी मारतो, म्हणून वर जाळी हवीच. तो निळा, पिवळ्या शेपटीचा सर्जनफिश मुलगा मागणार, मला माहीत आहे. दुकानात बोटाएवढा असतो, पुढं फूटभर होतो आणि दिवसभर पोहत असतो. तो दीरांच्या सहा फुटीतला मासा.

आणि मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा खिशातून आणला असेल तर तो टाकीत घालू नका. खडक तयार करणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. टाकीसाठी सिरॅमिकचे कृत्रिम खडक मिळतात, जिवाणूंना तेवढंच घर पुरतं.

प्रश्न : आमचं दर महिन्याला गणपतीपुळ्याला जाणं असतं. येताना कॅन भरून समुद्राचं पाणी आणलं तर मीठ वाचेल का?
— एक वाचक, शाहूवाडी

उत्तर : मीठ वाचेल, आंबा घाटात गाडीचा क्लच जाईल. गंमत सोडा; किनाऱ्याजवळचं पाणी पावसाळ्यात आणि खाडीच्या तोंडाशी बरंच गोडं झालेलं असतं, होड्यांचं डिझेल असतं, आणि त्यातले सूक्ष्म जीव बंद कॅनमध्ये मरून घरी पोचेपर्यंत पाणी कुजायला लागतं. महिन्याला दोन किलो मिठासाठी एवढा व्याप मी केला नसता. एकदा केलाय, म्हणून सांगतो. गाडीच्या डिकीला अजून वास आहे.

प्रश्न : माझ्याकडं तीन बाय एक बाय एक ची गोड्या पाण्याची जुनी टाकी आहे. तीच वापरू का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ८५ लिटरची आहे. अगदीच वाईट नाही, पण एक फूट रुंदीत खडक रचताना रडाल. वापरायचीच तर आतली वाळू, दगड, जुना फिल्टर सगळं काढून टाका. माशांच्या आजारावर कधी तांब्याचं औषध घातलं असेल तर ते दगडात मुरलेलं असतं आणि कोळंबी, गोगलगाय त्यानं मरतात. वरचं झाकण पत्र्याचं असेल तर तेही बदला, गंज पाण्यात पडतो. मासे दोनच ठेवा.

प्रश्न : आमच्याकडं पावसाळ्यात लाईट दोन-दोन दिवस जाते. टाकी टिकेल का?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : २०१९ च्या महापुरात कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीच्या कितीतरी वर गेलं होतं. आमच्याकडं वीजही नव्हती आणि नळाला पाणीही नव्हतं. टाकी टिकली ती सेलवर चालणाऱ्या दोन एअरपंपांवर आणि आधी भरून ठेवलेल्या ४० लिटर आरओच्या पाण्यावर. खाद्य पूर्ण बंद, दिवा बंद. धडधाकट मासे तीन-चार दिवस उपाशी सहज राहतात, हवेशिवाय राहत नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात सेल आणून ठेवा, पूर आल्यावर दुकानात मिळत नाहीत.